पाण्याच्या काठावरचा घोडा: सेनापती पोन्यातोव्स्कीच्या अश्वारूढ चित्रांविषयी

एल्स्टरकाठ (धागालेखिका)

गेली सहा वर्षे मी जर्मनीत लाइपझिग येथे राहते. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक पोलिश आजी राहतात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दारासमोरच्याच भिंतीवर एक जुने छापील चित्र लावलेले आहे. मूळ तैलचित्रावरून काढलेली ती प्रत असावी, कारण तळाशी असलेले चित्रकाराचे नाव आता इतके पुसट झाले आहे की भिंग धरूनही ते वाचता येत नाही. चित्रात निळ्या गणवेशातील एक सेनापती घोड्यावर बसलेला आहे. घोड्याचे मागचे खूर काठावरच्या चिखलात रुतलेले आहेत, पुढचे दोन्ही पाय पाण्यावर दुमडलेले आहेत आणि पुढच्या क्षणी तो नदीत पडणार हे स्पष्ट दिसते. हा सेनापती म्हणजे प्रिन्स युझेफ पोन्यातोव्स्की. १९ ऑक्टोबर १८१३ रोजी, लाइपझिगच्या लढाईच्या शेवटच्या दिवशी, तो याच शहरातील एल्स्टर नदीत बुडून मरण पावला.

मी कामावर जाताना त्या नदीचा एक फाटा रोज ओलांडते. पात्र इतके अरुंद आहे की पलीकडच्या काठावरील माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल. त्यामुळे चित्र पाहिल्यापासून एक प्रश्न मनात घोळत आहे. अश्वारूढ चित्र म्हटले की विजयी राजा, ताठ बसलेला सरदार आणि मान डौलाने वळवलेला घोडा अशीच आपली कल्पना असते. मग एका पराभूत सैन्याच्या माघारीत बुडालेल्या सेनापतीचे, तेही बुडण्याच्या आदल्या क्षणाचे चित्र लोकांनी दोनशे वर्षे घरात का लावावे? त्याला व्यक्तिचित्र म्हणावे की मृत्यूचे चित्र? आजींना विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “आमच्या आजीच्या घरीही हेच होते.” चित्रकलेचे आणि युरोपच्या इतिहासाचे अभ्यासक येथे आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

जुनीपाने

विषय फार आवडला. पोन्यातोव्स्की नक्की कोण होता, एवढे कोणी थोडक्यात सांगेल का? नेपोलियनचा एक सरदार, यापलीकडे मला काही माहीत नाही.

विस्तुला

मी काही वर्षे नोकरीनिमित्त वॉर्सा येथे होतो. तिथे हा माणूस टाळणे अशक्य आहे, म्हणून थोडे लिहितो.

पोन्यातोव्स्कीचा जन्म १७६३ साली व्हिएन्नात झाला. पोलंडचा शेवटचा राजा स्तानिस्वाव्ह ऑगुस्त हा त्याचा सख्खा काका. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात सेनानी होते आणि स्वतः युझेफचीही सुरुवात ऑस्ट्रियाच्याच सैन्यात झाली. पुढे काकांच्या बोलावण्यावरून तो पोलंडला आला आणि १७९२ साली रशियाविरुद्ध लढला. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा पोलंडचे लचके तोडले आणि तिसऱ्या फाळणीनंतर हा देश नकाशावरून नाहीसा झाला. १८०७ साली नेपोलियनने वॉर्साची डची नावाचे छोटे राज्य निर्माण केले. पोन्यातोव्स्की त्याचा युद्धमंत्री झाला आणि सैन्याची उभारणी त्यानेच केली. १८०९ मध्ये राशिन येथे त्याने संख्येने मोठ्या असलेल्या ऑस्ट्रियन सैन्याला थोपवून धरले, तर १८१२ च्या रशियावरील मोहिमेत नेपोलियनच्या पाचव्या कोअरचे नेतृत्व केले.

लाइपझिगची लढाई १६ ते १९ ऑक्टोबर १८१३ अशी चार दिवस चालली. पहिल्याच दिवशी नेपोलियनने त्याला फ्रान्सचा मार्शल केले. शेवटच्या दिवशी माघार घेणाऱ्या सैन्याच्या पिछाडीचे रक्षण त्याच्याकडे होते. एल्स्टरवरचा पूल वेळेआधीच सुरुंगाने उडवण्यात आला आणि हजारो सैनिक अलीकडच्या काठावर अडकले. जखमी अवस्थेत त्याने घोडा पाण्यात घातला, पण तो पलीकडे पोचला नाही. त्याचा देह काही दिवसांनी सापडला. पुढे तो वॉर्साला नेण्यात आला आणि १८१७ साली क्राकुफच्या वावेल टेकडीवरील कॅथीड्रलमध्ये, पोलंडच्या राजांच्या सोबतीला ठेवण्यात आला. मार्शलपद त्याच्या वाट्याला जेमतेम तीन दिवस आले.

आता चित्राविषयी. या प्रसंगाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र फ्रेंच चित्रकार ओरास व्हेर्ने याने १८१६ साली काढले. त्यावरून केलेल्या छापील प्रती सर्वत्र पसरल्या. पुढे यानुआरी सुहोदोल्स्की या पोलिश चित्रकारानेही हाच विषय रंगवला. सुहोदोल्स्की स्वतः सैन्यातील अधिकारी होता, रशियाच्या राजवटीविरुद्धच्या १८३० च्या पोलिश उठावात त्याने भाग घेतला होता आणि नंतर रोममध्ये व्हेर्नेकडेच तो चित्रकला शिकला. तुमच्या शेजारच्या आजींकडील प्रत याच परंपरेतील असणार.

एल्स्टरकाठ

विस्तुला, मनःपूर्वक आभार. म्हणजे व्हेर्नेने हा प्रसंग पाहिलेला नव्हता, तर तीन वर्षांनी कल्पनेने रंगवला, असेच ना?

विस्तुला

होय. त्या गोंधळात काय घडले हे सांगणारे साक्षीदार होते, मात्र चित्रकार कोणीही नव्हता. माझ्या मते ते चित्र प्रभावी ठरले याचे कारण क्षणाची निवड. पूल उडाल्याचा क्षण घेतला असता तर चित्र नेपोलियनच्या सैन्याचे झाले असते, देह सापडल्याचा क्षण घेतला असता तर ते शोकचित्र झाले असते. काठावरचा क्षण घेतल्यामुळे ते एका माणसाच्या निर्णयाचे चित्र झाले.

रिकीब

मी घोडेस्वारी शिकवतो, म्हणून घोड्याच्या बाजूने लिहितो.

घोडा उत्तम पोहतो. खोल पाण्यात घालताना त्याची मान मोकळी सोडावी लागते, कारण नाक पाण्यावर ठेवण्यासाठी त्याला मान पुढे ताणायची असते. घाबरलेला स्वार लगाम ओढून धरतो, त्यामुळे घोड्याचे डोके वर आणि मागे येते, पुठ्ठा बुडू लागतो आणि दोघेही संकटात सापडतात. यापेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे बाहेर येणे. पात्र अरुंद असो वा रुंद, पलीकडचा काठ उभा आणि निसरडा असेल तर घोड्याच्या पुढच्या खुरांना पकड मिळत नाही. तो दोन-तीन वेळा चढायचा प्रयत्न करतो आणि थकून मागे कलंडतो. जखमी, भिजलेल्या बुटांचा आणि जड गणवेशाचा स्वार त्याच्या पाठीवर असेल तर पुढचे सांगायला नको. म्हणून धागालेखिकेला जे पात्र अरुंद वाटते, ते त्या दिवशी जीवघेणे ठरले यात मला काहीच विसंगती दिसत नाही.

तुम्ही वर्णन केलेल्या प्रतीत मागचे खूर चिखलात रुतलेले आहेत. हे काढणाऱ्याला घोडा ठाऊक होता. उंचावरून खाली उडी घेताना घोडा सगळा भार मागच्या पायांवर घेतो आणि क्षणभर थबकतो. नेमक्या त्या क्षणी स्वार मागे रेलला पाहिजे. तो पुढे वाकलेला असेल तर घोड्याआधी तोच पाण्यात जाईल. आजींच्या चित्रात सेनापती कसा बसलेला आहे, ते पाहून सांगाल का?

शिल्पवेडा

अश्वारूढ पुतळ्यांचा एक नियम आपल्याकडे नेहमी सांगितला जातो. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असतील तर वीर रणात पडला, एक पाय वर असेल तर जखमांमुळे नंतर मरण पावला आणि चारही पाय जमिनीवर असतील तर त्याला नैसर्गिक मृत्यू आला. या चित्रात दोन्ही पाय वर आहेत, म्हणजे येथे हा नियम बरोबर लागू पडतो.

गवाक्ष

शिल्पवेडा, हा नियम कोणत्याही शिल्पकाराने पाळलेला नाही. तो बघणाऱ्यांनी मागाहून तयार केलेला आहे. रोममधील सम्राट मार्कस ऑरेलियसच्या पुतळ्यात घोड्याचा एक पाय वर आहे आणि सम्राट तर आजाराने गेला. याच पोन्यातोव्स्कीचा वॉर्सातील पुतळा पाहा. तो लढाईत मरण पावला, तरीही पुतळ्यातील घोडा एक पाय उचलून संथ चालतो आहे. घोड्याचे पाय मृत्यूचा प्रकार सांगत नाहीत. घडवणाऱ्याने कोणता जुना नमुना समोर ठेवला, एवढेच त्यावरून कळते.

शिल्पवेडा

मान्य आहे. लहानपणापासून ऐकत आलो होतो, कधी पडताळून पाहिले नाही. त्या पुतळ्याविषयी अधिक लिहा, ही विनंती.

विस्तुला

पुतळ्याची कथा लिहितो, कारण धागालेखिकेच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यातच दडलेले आहे.

पोन्यातोव्स्कीच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच लोकवर्गणीतून स्मारक उभारायचे ठरले आणि ते काम रोममध्ये राहणाऱ्या बेर्टेल थोरवाल्डसन या डॅनिश शिल्पकाराकडे गेले. तोपर्यंत व्हेर्नेच्या चित्राच्या प्रती घरोघरी पोचल्या होत्या आणि लोकांच्या मनात सेनापती म्हणजे पोलिश गणवेशातला, नदीत झेपावणारा, असेच चित्र ठसलेले होते. थोरवाल्डसन १८२० मध्ये वॉर्साला येऊन गेला. मात्र शेवटी त्याने जे घडवले ते अगदी वेगळे होते. मार्कस ऑरेलियसच्या धर्तीवरचा शांत घोडा, त्यावर रोमन अंगरखा घातलेला, उघड्या डोक्याचा सेनापती आणि पुढे केलेल्या उजव्या हातात आखूड तलवार. गणवेश नाही, चौकोनी माथ्याची पोलिश टोपी नाही, नदीचे पाणीही नाही. ज्यांनी या माणसाला प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांना हा कोणी परकाच वाटला आणि नाराजी उघडपणे व्यक्त झाली.

पुतळा ओतून तयार झाला तोवर १८३० चा उठाव होऊन चिरडला गेला होता आणि झार निकोलसने तो उभारू दिला नाही. त्याचे तुकडे आधी मोद्लिनच्या किल्ल्यात पडून होते. नंतर ज्या रशियन सेनानी पास्केविचने तो उठाव मोडून काढला, त्यालाच पुतळा बक्षीस मिळाला आणि त्याने तो होमेल (आजच्या बेलारूसमध्ये) येथील आपल्या वाड्यात नेऊन उभा केला. शत्रूच्या बागेत शोभेसाठी उभा राहिलेला हा सेनापती पोलंड स्वतंत्र झाल्यावर १९२२ साली परत आला. १९४४ च्या डिसेंबरमध्ये जर्मनांनी तो सुरुंगाने उडवला. कोपनहेगनच्या थोरवाल्डसन संग्रहालयात प्लास्टरचा मूळ नमुना सुरक्षित होता. त्यावरून डेन्मार्कने नवा पुतळा ओतून वॉर्साला भेट दिला आणि १९६५ पासून तो क्राकोव्स्क्ये प्शेद्म्येश्च्ये या रस्त्यावर, आज जिथे राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आहे, त्याच्यासमोर उभा आहे.

याचे तात्पर्य मी असे घेतो की जवळजवळ नव्वद वर्षे लोकांना हा पुतळा आपल्या शहरात पाहायला मिळालाच नाही. त्या काळात कागदावरची प्रत होती. कागद घडी करून पेटीत ठेवता येतो, हद्दपारीत सोबत नेता येतो आणि झडती आली तर लपवताही येतो.

मृण्मयी_के

शेवटचे वाक्य वाचून अंगावर काटा आला.

विचक्षण

विस्तुला यांच्या माहितीबद्दल आदर राखून मला वेगळे मत मांडायचे आहे. हे चित्र पाहून भारावून जाताना आपण एक गोष्ट विसरतो. पोलिश सैनिकांनी नेपोलियनसाठी रक्त सांडले, त्या बदल्यात त्यांना स्वतंत्र देश मिळाला नाही. १८०२-०३ मध्ये पोलिश पलटणी हैतीतील गुलामांचा उठाव मोडण्यासाठी पाठवल्या गेल्या आणि त्यांतील बहुसंख्य पीतज्वराने व लढाईत संपल्या. लाइपझिगमध्येही पिछाडीचे सर्वांत धोक्याचे काम पोलिश सेनापतीकडेच आले. मग “देवाने पोलिश लोकांची अब्रू माझ्याकडे सोपवली आहे, ती मी केवळ देवालाच परत करीन” अशी वाक्ये त्याच्या तोंडी घालून त्याच्या मृत्यूला तेजोवलय देणे म्हणजे ज्यांनी त्याला वापरले, त्यांना मोकळे सोडणे होय. सुंदर घोडा रंगवला की पूल कोणी आणि का उडवला, हा प्रश्न मागे पडतो.

गवाक्ष

विचक्षण, प्रश्न रास्त आहे, पण तो चित्रावर ढकलू नये असे मला वाटते. ज्यांनी ती प्रत घरात लावली, त्यांना नेपोलियनचे गुणगान करायचे नव्हते. १८१३ नंतर ज्यांच्याकडे ना राज्य होते ना सैन्य, त्यांना आपलाही एक सेनापती होता आणि तो शरण गेला नाही, एवढे मुलांना दाखवायचे होते. शिवाय १८१३ च्या सुरुवातीला झारशी जुळवून घेण्याचा मार्ग पोन्यातोव्स्कीपुढे खुला होता. त्याने तो नाकारला. हा निर्णय चूक म्हणता येईल, पण तो त्याचा स्वतःचा होता आणि चित्रात तोच दिसतो.

विचक्षण

निर्णय त्याचा होता, हे मान्य. तरीही अशा चित्रांखाली पुलाची हकीकत लिहिलेली असावी, या मतावर मी ठाम आहे.

रंगलेपन

मी जुन्या तैलचित्रांच्या संवर्धनाचे काम करते. चर्चा व्हेर्नेभोवती फिरत आहे, म्हणून एका दुसऱ्या चित्रकाराकडे लक्ष वेधावेसे वाटते. एकोणिसाव्या शतकातील पोलिश घोडेस्वारांविषयी बोलायचे आणि प्योत्र मिहावोव्स्कीचे नाव घ्यायचे नाही, असे होऊ शकत नाही.

मिहावोव्स्की १८०० साली क्राकुफमध्ये जन्मला. तो पेशाने चित्रकार नव्हता. गॉटिंगेनला शिकून त्याने सरकारच्या खाण आणि धातुखात्यात नोकरी केली आणि १८३० च्या उठावात शस्त्रनिर्मितीचे काम पाहिले. उठाव फसल्यावर तो पॅरिसला गेला आणि तिथे शार्लेकडे चित्रकला शिकला. पॅरिसमध्ये त्याने ओझी ओढणारे धिप्पाड पर्शेरॉन घोडे तासन्‌तास रेखाटले आणि घोड्याच्या शरीररचनेचा बारकाईने अभ्यास केला. नंतर परत येऊन त्याने शेती आणि जमीनदारी सांभाळली. १८५५ साली तो वारला, तेव्हा त्याची बहुतेक चित्रे घरातच होती.

क्राकुफच्या सुक्येन्नित्से, म्हणजे जुन्या कापडबाजाराच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर राष्ट्रीय संग्रहालयाचे दालन आहे. तेथे मी त्याचे ‘सोमोसिएरा’ हे चित्र अगदी जवळून पाहिले. ३० नोव्हेंबर १८०८ रोजी स्पेनमधील एका खिंडीत पोलिश घोडदळाच्या तुकडीने तोफांवर चढाई केली, तो हा प्रसंग. चित्रापासून चार हात लांब उभे राहिले तर खिंडीतून वर उसळत जाणारे घोडे दिसतात. वीतभर अंतरावर गेलात तर घोडेही नाहीत आणि माणसेही नाहीत, दिसतात ते फक्त तपकिरी आणि राखी रंगाचे फटकारे. चेहऱ्याच्या जागी कुंचल्याचा एकच ठिपका असतो. तरीही पुन्हा मागे सरकल्यावर कोणता घोडा दमला आहे आणि कोणता अजून जोरात आहे हे ओळखता येते. व्हेर्नेच्या चित्रात गणवेशाचे बटणसुद्धा मोजता येईल, पण घोड्याचा भार जमिनीवर कुठे पडतो हे मिहावोव्स्कीइतके कोणी दाखवलेले नाही.

धंद्यातील एक गोष्टही सांगते. त्या काळात गडद तपकिरी छटांसाठी काही चित्रकार डांबरासारखा एक रंग वापरत. लावताना तो अतिशय खोल आणि उबदार दिसतो, पण पूर्णपणे कधीच वाळत नाही. कालांतराने वरचा थर आक्रसतो आणि मगरीच्या कातडीसारख्या भेगा पडतात. युद्धचित्रांतील धूर, चिखल आणि घोड्यांच्या पोटाखालच्या सावल्या अशा जागांवर हे हमखास आढळते. त्यामुळे एखादे चित्र मुळातच इतके काळोखे होते की काळाने तसे केले, हे ठरवण्याआधी थर तपासावा लागतो.

जुनीपाने

रंगलेपन, अप्रतिम प्रतिसाद. ‘मिखालोव्स्की’ असे वाचले होते, तुम्ही ‘मिहावोव्स्की’ लिहिले आहे, म्हणून विचारतो.

विस्तुला

पोलिशमध्ये आडवी रेघ मारलेल्या ‘ल’चा उच्चार ‘व’च्या जवळ जातो आणि तेथील ‘ख’ आपल्या ‘ह’सारखा ऐकू येतो. ‘मिहावोव्स्की’ बरेच जवळचे आहे.

सोमोसिएराचा विषय निघालाच आहे, तर एक नोंद करतो. या लढाईची जी चित्रे नंतर निघाली, त्यांत कधीकधी स्वारांच्या हातात भाले दिसतात. नेपोलियनच्या गार्डमधील या पोलिश रेजिमेंटला भाले १८०९ मध्ये, वाग्रामच्या लढाईनंतर मिळाले. १८०८ च्या त्या खिंडीत ते तलवारी घेऊन धावून गेले होते. या रेजिमेंटचा प्रमुख व्हिन्सेन्ती क्रासिन्स्की. त्यानेच व्हेर्नेकडून सोमोसिएराचे एक चित्र काढून घेतले होते.

अरुंधती_प

विषयाला धरूनच एक जोड देते. विजयी आणि डौलदार अश्वारूढ व्यक्तिचित्र कसे असते, हे पाहायचे असेल तर वॉर्साजवळच्या विलानुफ प्रासादातील स्तानिस्वाव्ह कोस्का पोतोत्स्की याचे चित्र पाहावे. ते जाक-लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराने १७८१ मध्ये काढले. पोतोत्स्की टोपी काढून, हात लांब करून आपल्याला अभिवादन करतो आहे, घोड्याने मान खाली घातली आहे आणि जमिनीवर काडीकचरा पसरलेला आहे. कोपऱ्यात एक कुत्रा भुंकतो आहे आणि त्याच्या गळपट्ट्यावर दाविदने आपले नाव लिहिले आहे. हा पोतोत्स्की पुढे १७९२ च्या युद्धात सैन्यात होता आणि वॉर्साच्या डचीत मोठ्या पदांवर राहिला, म्हणजे पोन्यातोव्स्कीचा समकालीनच. या दोन चित्रांमध्ये जेमतेम पस्तीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्यात माणसाने घोडा काबूत आणला आहे, दुसऱ्यात घोडा आणि माणूस दोघेही नदीच्या हवाली होत आहेत. मधल्या काळात देशच नाहीसा झाला होता.

पंचगंगा

मी कोल्हापूरची आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ दरम्यान, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, हे अनेकांना ठाऊक असेल. सुमारे पाच हजार लोक तेथे राहत, त्यात बायका आणि मुले सर्वाधिक. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते. माझे आजोबा तरुणपणी छावणीत दूध घालायला जात. ते सांगत की एका बाईंच्या खोलीत पुठ्ठ्यावर चिकटवलेले घोडेस्वाराचे चित्र होते आणि तिचा लहान मुलगा त्या घोड्याकडे बोट दाखवून त्यांना काहीतरी समजावून सांगायचा. भाषा कळत नव्हती. आजोबांच्या लक्षात राहिले ते एवढेच की घोड्याच्या पायाखाली जमीन नव्हती, पाणी होते. हा धागा वाचताना मला एकदम ते आठवले आणि लगेच लिहायला बसले.

विस्तुला

पंचगंगा ताई, ही आठवण अत्यंत मोलाची आहे. तो पोन्यातोव्स्कीच होता असे केवळ आठवणीवरून ठामपणे म्हणणे योग्य होणार नाही, कारण नदी ओलांडणाऱ्या घोडेस्वारांची इतरही चित्रे पोलिश घरांत असत. मात्र सायबेरिया आणि मध्य आशियातून इतका प्रवास करून आलेल्या माणसांनी सामानात एखादे चित्र जपून आणले असेल, यात आश्चर्य वाटत नाही.

पंचगंगा

तुमची सावधगिरी पटते. आजोबा आता नाहीत, त्यामुळे अधिक विचारता येणार नाही. त्यांनी सांगितले तेवढेच लिहिले आहे.

रिकीब

धागालेखिका, सेनापती कसा बसलेला आहे हे तुम्ही अजून सांगितलेले नाही. मी वाट पाहत आहे.

एल्स्टरकाठ

सर्वांचे प्रतिसाद दोन वेळा वाचले आणि काल संध्याकाळी आजींकडे जाऊन चित्र खाली उतरवून खिडकीपाशी नीट पाहिले.

रिकीब, सेनापती मागे रेललेला आहे. पाठ घोड्याच्या पुठ्ठ्याकडे झुकलेली, टाचा खाली दाबलेल्या, एक पाय रिकिबीत ताठ. डावा हात अंगाशी घट्ट धरलेला आहे, बहुधा जखमेमुळे. लगाम उजव्या हातात आहे आणि तो ओढलेला नाही, घोड्याच्या मानेवर सैल लोंबतो आहे. तुम्ही लिहिले नसते तर लगामाकडे माझे लक्षच गेले नसते. ज्याने हे काढले त्याला घोड्याची मान मोकळी ठेवायची हे माहीत होते, म्हणजे त्याच्या चित्रातला सेनापती पलीकडे पोचण्यासाठीच पाण्यात उतरतो आहे. मी आजवर त्याच्याकडे मरायला निघालेला माणूस म्हणून पाहत होते.

माझ्या मूळ प्रश्नापुरते सांगायचे तर मी आता त्याला व्यक्तिचित्रच म्हणेन. विचक्षण यांची सूचनाही मनावर घेतली. आजींना पुलाविषयी विचारले, तेव्हा त्यांना सगळे तपशिलाने ठाऊक होते. त्यांच्या आजीने चित्र दाखवताना पुलाची गोष्टच आधी सांगितली होती. चित्र उलटे केल्यावर मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेली तीन गावांची नावे दिसली. त्यांतले शेवटचे लाइपझिग आहे आणि ते आजींच्या स्वतःच्या अक्षरात आहे.

रंगलेपन

ती पेन्सिलीची अक्षरे कृपया पुसू देऊ नका. मागचा पुठ्ठा आम्लयुक्त असेल तर कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, त्यामुळे कधीतरी तो बदलावा लागेल. बदलताना जुना पुठ्ठा फेकू नका, वेगळ्या पाकिटात घालून चित्रासोबतच ठेवा. शिवाय ते चित्र दारासमोरच्या भिंतीवर असेल आणि त्यावर थेट ऊन येत असेल, तर आजींना विचारून शेजारच्या भिंतीवर हलवा. निळा गणवेश अजून निळा दिसतो आहे, तो तसाच राहिला पाहिजे.

एल्स्टरकाठ

ऊन सकाळी दहापर्यंत येते. शनिवारी हलवतो आहोत, आजींनी जागाही ठरवली आहे.